कोणाला काही बोलायचंय का?

सभेत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांमध्ये दिसायला सगळ्यांत गरीब आणि स्वभावानं सगळ्यांत लबाड असा प्रश्न एकच. 'कोणाला काही बोलायचंय का?' तो विचारण्याची एक ठरलेली रीत आहे. विचारणारे गृहस्थ तोवर खुर्चीतून निम्मे उठलेले असतात. एक हात फाईल बांधण्यात गुंतलेला, दुसरा चष्म्याचं घर चाचपतो आहे आणि नजर चहाच्या किटलीवर. उत्तरासाठी ते जेवढा अवधी देतात तेवढ्यात माणसाला फार तर शिंकता येतं. आणि कोणी शिंकलंच, तर अनुमोदक म्हणून त्याचं नाव इतिवृत्तात जातं.

गप्प बसलेल्या माणसाला बोलतं करणं हे पुण्यकर्म आहे, असं हल्ली सगळेच धरून चालतात. शिबिर असो, पालकसभा असो, नाहीतर सोसायटीची वार्षिक बैठक, कोणीतरी हसतमुख माणूस उठतो आणि म्हणतो, "संकोच सोडा, मंडळी! मोकळेपणानं बोला!" मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे माझ्या मनात लगेच नावे-जमा सुरू होतं. बोलणं याच्या खात्यावर जमा होणार हे कळलं, पण नावे कोणाच्या टाकायचं? मोकळेपणानं बोलल्यावर जे काही अंगावर येईल ते सोसायचं कोणी? बोलणाऱ्यानं, की बोला म्हणणाऱ्यानं?

आमच्या धरमतरच्या बाजूला माणसं मुळात अबोल आहेत असं कोणी म्हणत असेल, तर त्यानं एकदा थंडीत पोपटीला यावं. शेतात मडकं घ्यायचं, तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ-ओवा, ऐपतीप्रमाणे अंडी नाहीतर कोंबडी, पुन्हा पाला, मग मडकं उपडं करून भोवती जाळ. मडकं शिजेपर्यंत जाळाभोवती ज्या गप्पा होतात त्यात अध्यक्ष नसतो, आभारप्रदर्शन नसतं. खाडीतल्या जिताड्यापासून दिल्लीतल्या मंत्र्यापर्यंत सगळ्यांची सालं काढली जातात. जो माणूस बँकेत कर्जाचा अर्ज देताना स्वतःचं नाव विचारलं तरी बायकोकडे बघतो, तोच तिथे सबंध अर्थसंकल्प फेटाळून लावतो. तिथे कोणी कोणाला 'सहभागी व्हा' म्हणत नाही. कारण उघड आहे. पोपटीला बोललेलं कोणी लिहून घेत नाही, आणि शेंगा बोलणाऱ्यालाही मिळतात, न बोलणाऱ्यालाही मिळतात.

हीच माणसं ग्रामसभेत बसली की भिंतीवरच्या तसबिरींसारखी होतात. धरमतरच्या पुलावरून वडखळकडून अलिबागला जाताना खाली खाडी दिसते, तिच्या काठच्या एका गावी मी बँकेतर्फे ग्रामसभेला गेलो होतो. पीककर्जाची माहिती द्यायला. कायद्यानं सभेला एकूण मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांत जे कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी न जमल्यास सभा तहकूब करायची, आणि तहकूब सभेला माणसं मोजायची गरज नाही. (हा नियम ज्यानं केला त्याला आपल्या लोकांची पुरेपूर ओळख होती.) त्या दिवशी मात्र माणसं जमली होती. विषय होता गावाच्या वेशीवर कमान बांधण्याचा. ग्रामसेवकांनी विषय वाचला. त्यांना हल्ली ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण तोंडात अजून जुनंच बसलंय. मग तो प्रश्न आला. शांतता. पंखा तेवढा बोलत होता. 'सर्वानुमते मंजूर.'

बाहेर चहा घेताना एक आजी माझ्याजवळ आल्या. "सायेब, कमानीखालून कोन जानार? तिकडं बांदाला खांड गेलीय."

शहरातल्या वाचकासाठी सांगतो. खाडीकाठची भातशेती बांधाच्या जिवावर उभी असते. उधाणाच्या भरतीत बांध फुटला की त्याला खांड जाणं म्हणतात, आणि एकदा का खारं पाणी आत शिरलं की त्या जमिनीत पुढची दोन-तीन वर्षं भात रुसून बसतं. म्हणजे आजी बोलत होत्या ती गोष्ट कमानीपेक्षा बरीच मोठी होती.

"मग आजी, आत्ता सभेत का नाही बोललात?"

आजींनी माझ्याकडे, शाळेतल्या हुशार पण व्यवहारशून्य मुलाकडे बघावं तसं पाहिलं. "माजा नातू पंचायतीच्या पंपावर हाय."

एवढ्या एका वाक्यात सगळा ताळेबंद आला. मी 'आजी, निर्भयपणे बोला' म्हणून त्यांना उभं करू शकलो असतो. टाळ्याही पडल्या असत्या. मी पाचच्या एस.टी.नं पेणला आलो असतो आणि माझी बदली होणार असली तरी ती त्या भाषणामुळे होणार नव्हती. नातू मात्र सोमवारी पंपावर असता की नसता, हे सांगता येत नव्हतं. दुसऱ्याच्या जिवावर उदार होणं म्हणतात ते हेच.

पण मग आजींचं ते गप्प बसणं म्हणजे संमती का? इथे मला माझ्या धंद्याचा अभिमान वाटतो. एरवी तो क्वचितच वाटतो. एखादं बचत खातं दोन वर्षं हललं नाही की आम्ही त्याला निष्क्रिय म्हणतो. दहा वर्षं मालक फिरकला नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेनं २०१४ साली काढलेल्या ठेवीदारांच्या निधीत जाते. पण 'दहा वर्षं काही बोलला नाही, म्हणजे पैसे आम्हाला दिले' असं कोणतीही बँक म्हणत नाही. उद्या तो मालक किंवा त्याचा वारस कागद घेऊन उगवला, तर त्याचे पैसे त्याला द्यावेच लागतात. दहा वर्षांच्या मौनाचा अर्थ आम्ही आमच्या सोयीनं लावत नाही, आणि सभेत मात्र दहा सेकंदांच्या मौनाचं 'सर्वानुमते' होतं! नोंदीचा धनी सापडेपर्यंत ती ठेवायला आमच्याकडे सस्पेन्स खातं असतं. इतिवृत्तातही तसा एक रकाना का नसावा?

मौनाचा अर्थ लावण्याच्या बाबतीत भल्याभल्यांची सुटका झालेली नाही. आमच्याच पेण तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ साली जन्मलेले विनोबा घ्या. २५ डिसेंबर १९७४ रोजी त्यांनी पवनारला एक वर्षाचं मौन धरलं. सहा महिन्यांनी आणीबाणी आली. त्या मौनात त्यांच्याकडून 'अनुशासन पर्व' एवढे दोनच शब्द बाहेर आले आणि सरकारनं ते आपल्या पाठिंब्याच्या खात्यावर जमा करून गावोगाव रंगवले. वर्ष संपल्यावर विनोबांनी खुलासा केला की शासन सत्तेचं असतं, अनुशासन आचार्यांचं. पण तोवर भिंती रंगवून झाल्या होत्या.

कोणी म्हणेल, मग द्यूतसभेत भीष्म-द्रोण गप्प बसले त्यांनाही तुम्ही सस्पेन्स खात्यात टाकणार का? मुळीच नाही. ते आसनावर बसले होते. त्यांच्या एका शब्दानं खेळ थांबला असता, निदान अडखळला तरी असता. बोलला कोण, तर विकर्ण. कौरवांतलाच एक धाकटा भाऊ. सोन्याच्या आसनावर बसलेल्याचं गप्प राहणं आणि सतरंजीच्या कडेला बसलेल्या आजीचं गप्प राहणं, यांना एकाच तराजूत घालणारा माणूस एकतर सरळ मूर्ख असावा, नाहीतर आसनावरचा.

सतरंजीवरची माणसं बोलतात, पण केव्हा? धरमतरची खाडी ओलांडून गेलं की पोयनाडजवळ चरी गाव लागतं. १९३३ साली तिथल्या सभेत कुळांनी ठरवलं, खोताची जमीन कसायची नाही. नारायण नागू पाटील पुढारी होते. पंचवीस गावं त्यात होती आणि संप १९३९ पर्यंत चालला. माणसांनी मोळ्या विकल्या, खाडीतली मासळी धरली, पण नांगर धरला नाही. आता कल्पना करा, यातलं एकच कूळ उठून 'मला काही बोलायचंय' म्हणालं असतं. खोतानं दुसऱ्या दिवशी ती जमीन शेजाऱ्याला दिली असती. एकट्यानं बोलणं याला आपण धैर्य म्हणतो, आणि टाळ्या वाजवून त्याला एकटाच ठेवतो.

त्या आजींच्या गावची पुढची हकीकत मला काउंटरवर कळली. बचत गटाच्या बाई पासबुक भरून घ्यायला आल्या होत्या. नेहमीच्या ग्रामसभेआधी बायकांची वेगळी ग्रामसभा घ्यावी असा कायदा आहे. एरवी ती कागदावरच व्हायची, सह्या घरपोच गोळा केल्या जायच्या. या खेपेला बायका खरोखरच जमल्या. आदल्या आठवड्यात गटाच्या बैठकीत आणि पाणवठ्यावर त्यांचं आपसात सगळं बोलून झालं होतं, त्यामुळे सभेत बोलायचं असं फारसं उरलंच नव्हतं. 'कमान नंतर, बांध आधी' एवढाच ठराव.

"मग ग्रामसेवकांनी विचारलं, सूचक म्हणून नाव कोणाचं लिहू?" बाई सांगत होत्या.

"कोणाचं लिहिलं?"

"कोणीच बोललं नाही."

"बिलकूल?"

"बिलकूल. आम्ही नुसत्या बसून राहिलो. ते पेन उघडून बसले, आम्ही बसलो. चहा आला, तो पण गार झाला. शेवटी आजी म्हणाल्या, 'लिव की सगल्यांचा.' मग त्यांना बेचाळीस नावं लिहावी लागली. दोन पानं गेली."

ठराव वरच्या कचेरीत गेला आहे. मी पासबुकावर शिक्का मारला आणि पंचांग काढून पुढच्या अमावस्येचं उधाण किती तारखेला येतंय ते बघितलं. अकरा दिवस होते.