शोध कशाचा लागला?

कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला हे वाक्य बरोबर नाही, एवढं आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. दर ऑक्टोबरात त्याची दुरुस्ती करणारं लिखाण येतं, आणि दुरुस्ती ठरलेली असते: कोलंबस पहिला नव्हता, त्याच्या पाचशे वर्षं आधी नॉर्स दर्यावर्दी तिथे पोचले होते. प्रश्न जुनाच ठेवायचा आणि उत्तराच्या जागी दुसरं नाव लिहायचं. मूळ चुकीपेक्षा मला ही दुरुस्ती जास्त सलते, कारण ती झाली की विषय संपला असं वाटू लागतं.

पृथ्वी सपाट मानणाऱ्या पंडितांना कोलंबसाने खोटं पाडलं, ही कथा वॉशिंग्टन आयर्व्हिंगच्या १८२८च्या चरित्राने लोकप्रिय केली. तिच्यावर वेळ घालवण्याचं कारण नाही. स्पेनच्या दरबारातल्या जाणकारांना पृथ्वीच्या गोलाईबद्दल शंका नव्हती. आशियापर्यंतच्या अंतराबद्दल होती, आणि त्यांचाच हिशोब खऱ्याच्या जवळ होता. चिनी आरमार १४२१मध्ये अमेरिकेला पोचल्याच्या दाव्याला पुरावाच नाही.

नॉर्स पक्षाजवळ मात्र पुरावा आहे, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवं. न्यूफाउंडलंडमधल्या लान्स ओ मेडोज इथे त्यांच्या वस्तीचे अवशेष १९६०मध्ये सापडले. तिथलं लाकूड इ.स. १०२१मध्ये धातूच्या हत्याराने तोडलं होतं, हे अलीकडे निश्चित झालं आहे. सगळं मान्य. पण आधी पाऊल पडलं म्हणजे शोध, अशी कसोटी लावली तर नॉर्सही बाद होतात. त्यांच्याच गाथांमध्ये तिथल्या माणसांशी झालेल्या झटापटी आहेत. मग ‘पहिले युरोपीय’ अशी पुस्ती जोडली जाते, आणि शर्यत फक्त युरोपीयांसाठी राखीव होते. पहिलेपणाचा मान मूळ रहिवाशांनाच द्यावा असं म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण तेही त्या माणसांना त्याच शर्यतीत उभं करतात. त्यांचे पूर्वज १५,००० वर्षांहून आधी सायबेरियाकडून आले. त्या भूमीवर त्यांच्या चुली होत्या, शेतं होती, पुरलेली माणसं होती. आपल्या पणजोबांनी गावाचा शोध लावला असं आपण म्हणत नाही. गाव वसवलं असं म्हणतो.

मराठीने इथे आपल्याला नेमका फरक दिलेला आहे. भूमी वसवली जाते. शोध लागतो तो वाटेचा. मला वाटतं, या साऱ्या वादात टिकण्यासारखा फरक एवढाच आहे.

नॉर्स लोकांचीही वाट होती. १३४७मध्ये उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या मार्कलंडहून परतणारं एक जहाज आइसलंडला लागल्याची नोंद आहे. पण ग्रीनलंडमधल्या त्यांच्या वस्त्या पंधराव्या शतकात संपल्या आणि ती वाट बुजली. कोलंबसाची वाट बुजली नाही, कारण ती वाऱ्याची होती. ६ सप्टेंबर १४९२ रोजी त्याने कॅनरी बेटांतलं गोमेरा सोडलं, ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे शिडांत घेतले आणि १२ ऑक्टोबरला त्याला किनारा दिसला. परतताना तो आल्या रस्त्याने गेला नाही. उत्तरेला चढून त्याने पश्चिमी वारे धरले आणि अझोर्स, लिस्बन करत १५ मार्च १४९३ला पालोस गाठलं. एका वाऱ्याने जायचं, दुसऱ्याने यायचं. अटलांटिकवरची शिडाची जहाजं पुढे कित्येक शतकं हेच वर्तुळ फिरत राहिली. हा खरा शोध होता, आणि तो कमी लेखण्याची मला गरज वाटत नाही. एडमुंडो ओ’गोर्मान या मेक्सिकन इतिहासकाराने अमेरिका शोधली गेली नाही, ती युरोपच्या कल्पनेत रचली गेली, असं मांडलं. मांडणी हुशार आहे, पण तीही युरोपच्या डोक्याबाहेर येत नाही.

आपल्याकडे बघा. वास्को द गामाने भारताकडे येणाऱ्या सागरी मार्गाचा शोध लावला, असं आपण शाळेत शिकतो. मार्गाचा, भारताचा नव्हे. (त्यातलाही अरबी समुद्रातला टप्पा त्याने १४९८मध्ये आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीला मिळालेल्या वाटाड्याच्या भरवशावर पार केला.) पोर्तुगीज बखरकारांनी भारताचा शोध असे शब्द वापरले आहेत, हे खरं. पण गोव्यात तलवारीने घेतलेल्या मुलखाला त्यांनी जिंकलेला मुलूखच म्हटलं, आणि गोव्याच्या इतिहासात आजही जुन्या काबिजादी आणि नव्या काबिजादी हेच शब्द चालतात. जबरदस्ती होती, पण तिला तिचं खरं नाव होतं.

अटलांटिकपलीकडे वाटेसाठीचा शब्द भूमीला लावला गेला. १४९३मध्ये पोप सहाव्या अलेक्झांडरने नव्याने सापडलेल्या भूमी स्पेनला बहाल केल्या. पुढच्याच वर्षी तोर्देसियासच्या तहात स्पेन आणि पोर्तुगालने रेघ ओढून वाटणी केली. १८२३मध्ये जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश खटल्यात अमेरिकेचे सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी हे कायद्यात बसवलं: शोधाने मालकी शोध लावणाऱ्या राष्ट्राची होते, मूळ रहिवाशांकडे राहतो तो वहिवाटीचा हक्क. व्हॅटिकनने या सिद्धांताशी नातं तोडलं ते २०२३मध्ये. पहिला कोण, या वादाने मार्शलच्या निकालाला ओरखडाही उठत नाही. नॉर्स दर्यावर्दी लेइफ एरिक्सनला मान दिला तरी निकाल तसाच राहतो, फक्त मालकाचं नाव बदलतं.

कोलंबसाच्या रोजनिशीचा लास कासास या स्पॅनिश धर्मगुरूने केलेला गोषवारा आपल्याकडे आहे. त्यातून त्या सफरीत कोणत्या दिवशी किती अंतर कापलं हे वाचता येतं. ज्या बेटावर तो प्रथम उतरला त्याला तिथले लोक ग्वानाहानी म्हणत. त्याने सान साल्वादोर हे नाव ठेवलं. पुढच्या तीसेक वर्षांत बहामाच्या बेटांवरची माणसं पकडून हिस्पानिओला बेटावरच्या खाणींत आणि क्युबाग्वा बेटाजवळ मोत्यांसाठी बुड्या मारायला नेली गेली, आणि बेटं ओस पडली. त्यांतल्या एका बेटाला विसाव्या शतकात सान साल्वादोर हे नाव पुन्हा दिलं गेलं. ग्वानाहानी तेच का, याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. विचारावं असं तिथे कुणी उरलं नव्हतं.