वेश आणि घास

भूतकाळाचा वेश चढवून उत्सव करणे कितपत उचित, हा प्रश्न वरवर पाहता खेळकर वाटतो. उत्सवाला नीतीची फूटपट्टी लावणारा मनुष्य अरसिक ठरतो, आणि अरसिक ठरण्याचे भय विचारवंतांनाही सुटलेले नाही. तथापि ज्या उत्सवात जुना पोशाख आणि जुने अन्न ही दोन्ही एकत्र येतात, तेथे हा प्रश्न इतक्या सहजपणे टाळता येत नाही. पोशाख डोळ्यांपाशी थांबतो. अन्न मात्र पोटात जाते, आणि ते कोणाच्या तरी श्रमांतून आलेले असते.

आम्हां दिल्लीच्या परिसरात राहणाऱ्यांना याचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. फरीदाबाद जिल्ह्यात, अरवलीच्या टेकड्यांत सूरजकुंड आहे. पायऱ्यांचा हा अर्धवर्तुळाकार जलाशय दहाव्या शतकात तोमर राजा सूरजपाल याने बांधविला, असे परंपरा सांगते. त्याच्या शेजारी १९८७ सालापासून, बहुधा फेब्रुवारीत, हस्तकलांचा मेळा भरतो. साथीमुळे २०२१ साली त्यात खंड पडला, एवढेच. मातीने लिंपलेल्या भिंती, गवताची छपरे, चौपाल अशी खेड्याची रचना तेथे उभी केलेली असते. नगारे वाजतात, कच्छी घोडीचे नर्तक फिरतात, बहुरूपी राजाचे वा देवाचे सोंग घेऊन गर्दीत मिसळतात. बाजरीची रोटी, मोहरीच्या पाल्याची भाजी, गोहान्याची पाव किलो वजनाची एकेक जलेबी यांवर लोक तुटून पडतात. दरवर्षी एखाद्या राज्याला तेथे मुख्य स्थान मिळते. महाराष्ट्राला हा मान २००६ आणि २०१९ साली मिळाला.

या साऱ्यावर पहिला आक्षेप असा की, हे खेडे खोटे आहे. हा आक्षेप आम्हांस दुबळा वाटतो. खरी ग्रामजत्रा तरी आपोआप कोठे उगवत होती? तीही मांडावीच लागे. पालखी सजवावी लागे, सोंगे रंगवावी लागत, दुकाने ओळीने लावावी लागत. मांडणी केली म्हणून एखादी गोष्ट असत्य होत नाही. असत्य उत्पन्न होते ते मांडणी लपविल्याने. आमच्याकडील बहुरूपी याचे उत्तम निदर्शन आहे. तो शिपायाच्या वेशात दाराशी येतो, घरधन्याला दटावतो, क्षणभर घाबरवितोही. परंतु अखेरीस हात पुढे करून आपण पोटासाठी आलेला बहुरूपी आहोत हे उघड करतो. फसवणूक आणि कबुली ही दोन्ही त्याच्या कलेची अंगे आहेत. कबुली वगळली तर जो उरतो तो तोतया.

मग अशा उत्सवाकडून कोणत्या कबुलीची अपेक्षा करावी? आमच्या मते ती पंगतीची. जुन्या पोशाखात मिरविणारे बहुधा राजे, सरदार, राण्या असतात. जुन्या गावात मात्र राजे थोडे आणि पंगतीबाहेर बसविलेले पुष्कळ होते. गावजेवणाची चव ज्यांच्या आठवणीत गोड आहे, ते प्रायः पहिल्या पंगतीत जेवलेल्यांचे वंशज होत. ज्यांच्या पूर्वजांना उरलेले अन्न दुरून वाढले गेले, त्यांना ‘आपले जुने गाव’ हे शब्द त्याच आनंदाने उच्चारता येतील काय? येत नसतील, तर त्या उत्सवातील ‘आपले’ या सर्वनामात कोण मोडतो, हे विचारणे रसभंग नव्हे, न्याय होय.

महाराष्ट्रात हा प्रश्न ताटावरच सोडविण्याचा यत्न झाला आहे. समतानंद अनंत हरि गद्रे यांनी झुणका-भाकरीचे सत्यनारायण घातले. पूजेला अस्पृश्य मानलेले जोडपे बसविले आणि प्रसाद म्हणून गरिबाचे रोजचे अन्न सर्वांना एकत्र वाढले. परंपरेची सारी सामग्री तीच होती. पाट होता, पूजा होती, प्रसाद होता. बदलला तो केवळ बसणाऱ्यांचा क्रम. आणि तेवढ्याने त्या विधीचा अर्थ पालटला. परंपरा टाकावी की पाळावी, या वादात आम्ही अनेकदा तिसरी वाट विसरतो. ती वाट परंपरा दुरुस्त करून पाळण्याची आहे.

या कसोटीवर सूरजकुंडाला अगदीच उणे गुण द्यावेत असे नाही. तिकीट काढणाऱ्याला तेथे कोणी जात विचारीत नाही. जुन्या पंगतीपेक्षा हे निःसंशय श्रेयस्कर. परंतु जातीची रांग मोडली तेथे पैशाची रांग उभी राहते, हेही दृष्टीआड करू नये. मेळ्याचे खरे बळ आम्हांस अन्यत्र दिसते. तेथे विणकर आपल्या वस्त्राशेजारी आणि कुंभार आपल्या मडक्याशेजारी बसलेला असतो. वस्तू आणि तिला घडविणारा हात एकाच नजरेत येतात.

फरीदाबादच्या भूमीला हा धडा नवा नाही. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी येथे नवे नगर वसविण्यात आले, आणि त्याच्या उभारणीत ते निर्वासित स्वतः राबले. त्या कार्यात पुढाकार घेणाऱ्या कमलादेवी चट्टोपाध्याय याच पुढे, १९५२ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या प्रमुख झाल्या. ज्यांचे गाव कायमचे हरपले, त्यांना कष्टाचे काम आणि त्याचे दाम देणे हाच त्यांच्या भूतकाळाचा सन्मान होता. नुसत्या हळहळीने त्यांचे पोट भरले नसते.

आम्हां परप्रांतस्थ मराठी जनांनाही यातून काही घेता येईल. दूर राहणाऱ्याला फेटा, नऊवारी आणि पुरणपोळी यांचा मोह अंमळ अधिकच असतो, आणि तो स्वाभाविक आहे. सणाच्या दिवशी फेटा अवश्य बांधावा. मात्र त्याच मंडपात भांडी घासणाऱ्या बाईला शेवटी, उभ्याउभ्या, उरलेसुरले वाढले जात असेल, तर आपण जुन्या काळाचा पोशाख तेवढा उतरविला नाही, त्याचा दोषही तसाच उचलून आणला, असे म्हणावे लागेल. तिचे पान आपल्याच पंगतीत मांडले जाते की नाही, एवढे प्रत्येक मंडळाने आपल्यापुरते पाहावे.