मुक्या डोळ्यांचे ऋण

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता आपल्या घराघरांत परिचयाची झाली आहे. डोळ्यावरची पट्टी सुटते आणि आजीला नातवाचा चेहरा पुन्हा स्वच्छ दिसू लागतो. या आनंदामागे शास्त्रज्ञांचे श्रम आहेत, हे आपण जाणतो. डोळ्यात बसवायची कृत्रिम भिंगे सशांच्या डोळ्यांत तपासली गेली, याचा मात्र आपल्याला विसर पडतो.

मोतीबिंदू कसा होतो आणि तो लांबवता येईल काय, हे शोधण्यासाठी प्रयोगशाळेत उंदरांना तो मुद्दाम आणला जातो. आहारात गॅलॅक्टोज ही साखर भरपूर दिली की त्यांच्या डोळ्यांतील भिंग धूसर होते. हा धूसरपणा बारकाईने तपासायचा, तर उंदीर मारून भिंग बाहेर काढावे लागे. प्रत्येक टप्प्याला निराळे प्राणी बळी पडत. आता प्रकाशाची पातळ पट्टी डोळ्यात सोडून जिवंत भिंगाचे छायाचित्र घेता येते. १९९१ साली जगापुढे आलेल्या ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफीने तर डोळ्याला स्पर्शही न करता आतल्या थरांचे चित्र मिळते. एकच उंदीर पुनःपुन्हा तपासता येतो आणि अनेकांचे प्राण वाचतात.

पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा, ही त्रिसूत्री रसेल आणि बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ साली मांडली. तिच्या कसोटीवर हे तंत्र निश्चितच स्वागतार्ह आहे.

परंतु एवढ्याने प्रश्न मिटतो काय? यातना किती, याचे उत्तर यंत्र देऊ शकेल. प्रयोगाची गरज आहे काय, याचे उत्तर ते देणार नाही. जे सोपे होते ते अविचाराने होऊ लागते, हा मानवी स्वभावच आहे. तपासणी कितीही सौम्य असली, तरी त्या जिवाची दृष्टी आपणच हिरावून घेतलेली असते.

१९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक ख्रिस्तसभेचा ‘कॅटेकिझम’ मानवी जीव वाचविण्यासाठी वा रुग्णसेवेसाठी, वाजवी मर्यादेत, अशा प्रयोगांस अनुमती देतो. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मात्र मानवी प्रतिष्ठेला बाधक आहे, असेही तो बजावतो. त्याने येथे माणसाची प्रतिष्ठा म्हटली आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. क्रौर्याने जखम प्राण्याला होते. हीन मात्र आपण होतो.

मग ‘विनाकारण’ कशाला म्हणावे? ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा प्रयोग पुन्हा करणे विनाकारण होय, हे उघड आहे. पण लाभलेले ज्ञान गरजवंतापर्यंत न पोहोचू देणे हेही त्याच जातीचे आहे. मोतीबिंदू हे जगातील अंधत्वाचे प्रमुख कारण आहे आणि त्यावर परिणामकारक शस्त्रक्रिया उपलब्ध आहे. तरीही असंख्य गरीब अंधारात राहतात, ते केवळ उपचार त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत म्हणून.

म्हणूनच हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा राहत नाही. आपल्या आळीतील एखादी वृद्धा दवाखान्यात सोबतीला कुणी नाही, म्हणून चाचपडत दिवस काढत असेल, तर मुक्या जिवांनी मोजलेली किंमत तिच्यापुरती तरी व्यर्थ ठरते. तिचा हात धरून तिला दवाखान्यात नेणे ही तिची सेवा आहेच; त्या मुक्या डोळ्यांच्या ऋणाची ती अंशतः फेडही आहे.