नुसतं पाहण्याचे पैसे

रविवारी दुपारनंतर पसरणी घाट उतरून वाईत शिरणाऱ्या गाड्यांपैकी एखाद-दुसरी माझ्या गॅरेजपुढे थांबतेच. आतला माणूस बहुतेक मुंबईचा नाहीतर पुण्याचा. काच खाली करून घाबऱ्या आवाजात विचारतो, "दादा, काहीतरी जळतंय. इंजिन गेलं का?" तेव्हा माझ्या मनात दोन गोष्टी जवळजवळ एकदमच येतात. एक, जळतंय काय. दुसरी, हा माणूस पुन्हा कधी भेटायचा नाही. पहिलीसाठी लोक मला ओळखतात. दुसरीबद्दल मी आजवर कुणाशी बोललेलो नाही.

जळतंय काय, हे बऱ्याचदा नाकच सांगतं. घाटभर पाय ब्रेकवर ठेवला की पॅड तापतात, डोळ्यांना झोंबणारा उग्र वास सुटतो आणि चाकातून धूरही निघतो. अशा गाडीला उपाय एकच: सपाटीवर सावलीत अर्धा तास उभी करायची, तापलेल्या डिस्कवर पाणी मारायचं नाही आणि पुढच्या वेळी दुसऱ्या गिअरवर उतरायचं. क्लच प्लेटचा वास करपलेल्या कागदासारखा येतो. कूलंट गळत असेल तर गोडसर. वायरिंगच्या वासाला मात्र मी भितो. तिथे आधी बॅटरीची तार काढतो, चौकशी मग.

ऑइल जळतं ते दोन ठिकाणी, इंजिनाच्या बाहेर किंवा आत, आणि या दोहोंच्या खर्चात जमीनअस्मानाचा फरक आहे. टॅपेट कव्हरचं पॅकिंग जुनं होऊन कडक झालं की ऑइल पाझरतं आणि थेंब थेंब एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडतं. ऑइल 200 अंशांच्या आसपास चांगलंच धुरायला लागतं आणि चढावर मॅनिफोल्ड सहज 400 अंशांच्या वर गेलेलं असतं. हा धूर बॉनेटखालून येतो. गाडी थांबली की जास्त दिसतो, कारण उडवून न्यायला वारा नसतो. वास एसीच्या जाळीतून आत येतो आणि घरच्यांची तोंडं उतरतात. पण काम फक्त पॅकिंगचं. कधी तेवढंही नसतं. दोन दिवसांपूर्वी सर्व्हिसिंग झालेली असते, फिल्टर काढताना सांडलेलं ऑइल कुणी पुसलेलं नसतं, ते जळून संपलं की वासही संपतो. म्हणून बॉनेट उघडण्याआधी "सर्व्हिसिंग कधी केली?" हे विचारायचं असतं.

आत जळणारं ऑइल सायलेन्सरमधून निळसर धूर होऊन निघतं. तो केव्हा निघतो, यावर सगळं आहे. सकाळी पहिल्या स्टार्टला भस्सकन आला आणि थांबला, तर वॉल्व्ह सील. ऍक्सिलरेटर सोडून घाट उतरल्यावर खाली पहिल्यांदा दाबताना आला, तरी बहुधा सीलच, कारण उतारावर थ्रॉटल बंद असतो आणि आतली ओढ वॉल्व्हच्या गाईडमधून ऑइल खेचून घेते. चढावर, लोडखाली सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगांकडे बघायचं. डिझेल गाडीत टर्बोचं सीलही तपासायचं. पीसीव्ही वॉल्व्ह अडकला तरी गाडी ऑइल खाते, आणि तो वॉल्व्ह किरकोळ किमतीचा असतो. कुणी डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे ऑइल भरून ठेवलेलं असतं, ते नुसतं काढून घेतलं की भागतं.

एवढं सगळं मला कळतं आणि समोरच्याला कळत नाही. माझी सगळी अडचण इथे आहे.

चालू इंजिनाचं ऑइलचं टोपण उघडलं की आतून भकभक वाफा येतात. आमच्याकडे त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. रिंगा झिजल्या की ते वाढतं, हे खरंच. पण घाटातून तापून आलेल्या चांगल्या इंजिनातूनही थोडी वाफ येतेच. घाबरलेल्या माणसाला टोपण उघडून दाखवायचं आणि गप्प राहायचं. बस. खोटं बोलावंच लागत नाही. तो स्वतःच म्हणतो, "मग इंजिन करावं लागेल ना?" त्या क्षणी माझी मान हलते की नाही, एवढाच काय तो माझा प्रामाणिकपणा. मी मान हलवत नाही. पण गप्प बसण्याचा मोह दर वेळी होतो, आणि सीझन मंदा असला की जास्त वेळ टिकतो, हे मला स्वतःपासून लपवता येत नाही.

मी लोभी आहे का? असेनही. पण आणखी एक कारण सापडतं. गेल्या महिन्यापर्यंत मी पाहण्याचे पैसे घेत नव्हतो. बहुतेक मिस्त्री घेत नाहीत. इतक्या वर्षांत नाकात आणि कानात जे साठलं, ते फुकट, आणि पान्याने नट फिरवला की पैसे. म्हणजे "काही झालेलं नाही, जा" हे माझं सगळ्यात अचूक निदान मला एक रुपया देत नव्हतं आणि चुकीचं निदान महिन्याचं भाडं काढून देऊ शकलं असतं. असा हिशोब ज्याने मांडला त्याने मोहाला गॅरेजमध्ये कायमची जागा करून दिली. तो हिशोब मीच चालू ठेवला होता.

दुसरी गोष्ट अभिमानाची. रिंगा की वॉल्व्ह, हे पक्कं करायची रीत आहे. पेट्रोल गाडी असेल तर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरला कॉम्प्रेशन गेज लावायचं, मग कमी दाखवणाऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर वॉल्व्हकडे किंवा हेड पॅकिंगकडे वळायचं. यात तास जातो. मी धूर बघून सांगू शकतो, आणि बहुधा बरोबर असतो. पण इंजिन खोलायला सांगताना "बहुधा" हा शब्द माझ्या तोंडून बाहेर पडत नाही, गिळला जातो. माझ्या हाताखालचं पोरगं ते बघत असतं. माझं नाक त्याला मिळणार नाही. माझी ऐट मात्र तो लगेच उचलेल.

गावातल्यांच्या बाबतीत प्रकार उलटा. ओळखीचा माणूस येतो, जुनी गाडी विकायची असते. "भाऊ, गिऱ्हाईक बघून जाईपर्यंत धूर दिसू नये एवढं कर." करणं अवघड नसतं. 20डब्ल्यू-50सारखं जाडं ऑइल आणि धूर दाबणारी एक बाटली, थोडे दिवस निघतात. पीयूसीचंही भय नाही. पेट्रोल गाडीत तिथे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डोळ्यांना दिसणारा निळा धूर नाही, आणि अशी गाडी पास होऊ शकते. मी नाही म्हणतो. पण का म्हणतो, ते तपासलं तर उत्तर फारसं गोड नाही. घेणारा वाईचा किंवा भुईंजचा असेल तर माझा नकार ठाम असतो, कारण गोष्ट फिरून माझ्याकडे येणार. घेणारा लांबचा असेल तर तोच नकार मऊ पडतो, "बघू, उद्या ये" असा निघतो. नाही तो नाहीच राहतो, पण त्याच्या मागे कोण उभं आहे, मी की माझं नाव, हे मला ठरवता येत नाही.

गेल्या महिन्यात पाटी लावली: तपासणीचे 300 रुपये, काम निघो न निघो. पोरगं म्हणालं, "मामा, कोण देणार?" घाट उतरून आलेले देतात. बरेच जण "इंजिन ठीक आहे" हे ऐकून खुशीने देतात, एकाने तर वर चहा पाजला. गावातले देत नाहीत, आणि त्यांच्याकडे मागायला माझीच जीभ रेटत नाही. म्हणजे पुन्हा परक्यालाच पैसे पडले. पोराने हेही हेरलंय. परवा आमदारांच्या ड्रायव्हरने फुकट गाडी दाखवून नेली, तेव्हा त्याने पाटीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.