वस्तूचा स्वभाव

किटलीला दोन डोळे काढले, तोटीला नाक ठरवले आणि त्याखाली हसरे ओठ रेखाटले की तिचे पात्र झाले, ही समजूत व्यंगचित्रांच्या प्रांतात इतकी रूढ झाली आहे, की ती खोडून काढणे मला अगत्याचे वाटते. असा चेहरा कंदिलावर किंवा कढईवरही तितक्याच सुखाने बसतो. आणि जिच्या जागी दुसरी कोणतीही वस्तू चालून जाते, तिला पात्र कसे म्हणावे? वस्तूचे पात्र तिच्या घडणीतून, वजनातून आणि नित्याच्या कामातून उपजते, असे माझे मत आहे.

याचा उत्तम दाखला म्हणजे जॉन लॅसेटर यांनी १९८६ साली पिक्सारमध्ये केलेला ‘लक्सो ज्युनिअर’ हा सुमारे दोन मिनिटांचा संगणकीय चित्रपट. टेबलावरचा एक मोठा दिवा, एक लहान दिवा आणि चेंडू एवढाच त्याचा प्रपंच. कोणाला डोळे नाहीत, वाचा नाही. लहान दिवा घडवताना लॅसेटर यांनी मोठ्याची सरसकट छोटी प्रतिकृती केली नाही: तान्ह्या मुलाच्या शरीराचे प्रमाण ध्यानी घेऊन दांड्या आखूड केल्या, स्प्रिंगांची लांबी घटवून जाडी तीच राखली, आणि बल्ब मात्र मोठ्याच्याच मापाचा ठेवला, कारण बल्ब दुकानातून आणून बसवायचा असतो, तो दिव्याबरोबर वाढत नाही. दबण्या-ताणण्याची मुभा धातूला नसल्यामुळे हा दिवा उडीपूर्वी सांध्यांत वाकतो आणि झेपावताना सरळ होतो. आणि त्याच्या उड्यांखाली चेंडू फुटला, की खाली गेलेल्या त्याच्या मानेत लेकराचे ओशाळेपण स्पष्ट दिसते. डॅलसमधील एका परिषदेत हा चित्रपट दाखवल्यावर जिम ब्लिन हे संगणकतज्ज्ञ एखादी तांत्रिक शंका काढतील, अशी लॅसेटर यांची अटकळ होती. ब्लिन यांनी विचारले ते एवढेच, की मोठा दिवा आई की बाप?

डिस्ने यांच्या चित्रशाळेत उमेदवारांना अर्धवट भरलेले पिठाचे पोते कधी खिन्न, कधी उर्मट असे रेखाटायला लावत, त्यामागेही हेच तत्त्व होते: आकार हवा तसा बदलावा, पण आतल्या पिठात भर वा घट होता कामा नये.

‘ब्यूटी अँड द बीस्ट’ (१९९१) मधील कॉग्सवर्थ या घड्याळाला चेहरा आहे, अशी तकरार कोणी करील. परंतु तो शापित मनुष्य असल्यामुळे चेहरा त्याचा हक्कच आहे. आणि तरीही तो स्मरणात राहतो तो घड्याळाचा काटेकोरपणा कारभाऱ्याच्या करड्या शिस्तीशी तंतोतंत जुळतो म्हणून. आपल्याकडेही पहाटे ओव्या गाणाऱ्या बायांनी जात्याला देव मानून सासर-माहेरची सुखदुःखे त्याच्यापाशी बोलून दाखवली, ती त्याला नाकडोळे न देता. त्याची घरघर आणि त्याचे फिरणे त्यांना पुरेसे होते.

म्हणून ज्याला अडकित्त्याचे पात्र करायचे असेल, त्याने आधी सुपारी कातरावी; ती सांध्याजवळ धरली की कशी कडकन फुटते आणि पात्याच्या टोकाशी धरली की कशी निसटते, हे हाताने अनुभवावे. वस्तूच्या सामर्थ्याचा आणि मर्यादेचा असा आदर ज्याच्या ठायी आहे, त्याच्याच कल्पनाशक्तीला निर्जीवाच्या तोंडी शब्द घालण्याचा अधिकार पोहोचतो.