टळलेल्या संकटाचा न्याय

2022 च्या ऑगस्टात धार जिल्ह्यातील कोठीदा येथे कारम नदीवरच्या अपुऱ्या मातीच्या धरणातून पाणी झिरपू लागले. खालची 18 गावे रिकामी करविण्यात आली. बाजूने चर खोदून 14 ऑगस्टला पाण्यास वाट काढून दिली. भिंतीचा भाग वाहून गेला, परंतु जीवितहानी झाली नाही.

अशा वेळी ‘लोकांना उगाच हलविले’ असा सूर निघतोच. तो आम्हांस मान्य नाही. आज्ञेचा न्याय मागाहून घडलेल्या गोष्टीवरून करू नये; ती देताना दिसत असलेल्या धोक्यावरून करावा. मात्र प्राण वाचले म्हणून बांधणाऱ्यांची कसूरही माफ होत नाही. आम्हां वकिलांस हा भेद सवयीचा आहे.

धारेहून देवासला जाताना वाटेत इंदूर लागते. तेथे 30 मार्च 2023 रोजी, ऐन रामनवमीस, बेलेश्वर महादेव मंदिरात बावडीवरील छत कोसळून 36 भाविक दगावले. कारमचे पाणी निदान डोळ्यांना दिसत होते. येथे बावडी झाकली आणि धोकाही झाकला गेला. विश्वस्तांनी उत्सवापूर्वी पायाखालची जमीन तपासली, तर त्यात अश्रद्धा ती कोणती? आपला मांडव पडतो तेथे पूर्वी विहीर होती काय, हे गावातील वृद्धांस विचारण्यास तर अभियंताही लागत नाही.