पाहुण्याचा दिवा



आज एकच प्रश्न घेऊन आपल्यापुढे उभा आहे. परक्या मुलखात, परक्या नदीकाठी, दुसऱ्यांच्या उत्सवाला पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाने पाण्यात एक दिवा सोडला, तर तो दिवा कोणाला पोहोचतो? त्याला सेवा म्हणावे, की करमणूक? आणि गळ्यात तुळशीची माळ असलेल्याने तो सोडावा की सोडू नये?

प्रश्न माझा नाही, माझ्या पुतण्याच्या मुलाचा आहे. माळकरी घर आमचे, पोरगाही एकादशी मोडत नाही. नोकरीतली चार मंडळी मिळून व्हिएतनाम देशात फिरायला गेली होती. तिथे होई आन नावाचे जुने बंदराचे गाव आहे. दर चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री त्या जुन्या गावातले विजेचे दिवे मालवतात. घरोघरी, दुकानोदुकानी रंगीत रेशमी कंदील लागतात. लोक उंबऱ्याशी फळे, फुले, उदबत्त्या मांडून पूर्वजांचे स्मरण करतात. आणि गावालगतच्या होआय नदीत कागदी द्रोणात मेणबत्ती लावून, मनात काहीतरी मागून, दिवे सोडतात. फिरायला आलेले लोकही विकत घेऊन सोडतात. यानेही सोडला. परत आल्यावर मला म्हणाला, “आजोबा, दिवा सोडताना बरं वाटलं. पण नंतर वाटलं, आपला देव वेगळा, त्यांचा विधी वेगळा. मी भक्ती केली की खेळ केला?”

पोराने मला सहज विचारले, पण मला ते सहज सोडून देता आले नाही. कारण हा प्रश्न व्हिएतनामपुरता नाही, आपल्या कृष्णाकाठचाही आहे.

आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमेला काय होते ते आठवा. कोजागिरीपासून महिनाभर गावोगावच्या देवळांत पहाटेचा काकडा चाललेला असतो, त्याची समाप्ती त्रिपुरीला होते. पंढरपुरात त्याच दिवशी गोपाळपूरच्या काल्याने कार्तिकी यात्रा पुरी होते. संध्याकाळी शिवालयांच्या दीपमाळा पेटतात. घरात बाया त्रिपुरवात लावतात. आणि कृष्णेच्या घाटांवर पणत्यांच्या रांगा लागतात, द्रोणातले दिवे पाण्यावर जातात. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णामाई वाईचे घाट ओलांडून संगम माहुलीला वेण्णेला भेटते, कऱ्हाडात कोयनेला भेटते, औदुंबरला दत्तप्रभूंच्या पायाशी येते आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणेला पोटात घेते. तिच्या काठाने त्या रात्री फिरलात तर दिवे लावणारे जितके दिसतील तितकेच आता ते दिवे पाहायला आलेलेही दिसतील. पुण्या-मुंबईहून गाड्या येतात, हातात मोबाइल असतात. त्यांच्या दृष्टीने आपण होई आनचे लोक झालो. म्हणून पोराच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर ते दोन्ही बाजूंनी द्यावे लागेल, पाहुण्याच्या आणि यजमानाच्याही.

आता पूर्वपक्ष मांडू. एक पक्ष म्हणतो, भाव असला की झाले. देव सर्वत्र आहे, पाणी सर्व एकच आहे, कुठेही लावलेला दिवा त्यालाच पोहोचतो. दुसरा पक्ष म्हणतो, हे सोयीचे बोलणे आहे. अनन्यता नावाची काही गोष्ट आहे की नाही? एकाच विठोबाला वाहिलेल्या माणसाने दिसेल त्या विधीत हात घालायचा, म्हणजे ना धड त्यांचा मान राहिला, ना आपला नेम.

दोन्ही पक्षांत अर्धे अर्धे खरे आहे. दुसऱ्या पक्षाला आधी उत्तर देतो. लग्न होऊन आलेली सून शेजारच्या घरी हळदीकुंकवाला जाते, तिथल्या देव्हाऱ्याला हात जोडते. म्हणून तिचा देव्हारा बदलत नाही. उलट, हात न जोडता नुसती खण-नारळ घेऊन परतली तर लोक म्हणतील, हिला घरचे वळण नाही. अनन्यता म्हणजे आपले घर न सोडणे. दुसऱ्याच्या घरात ताठ मानेने उभे राहणे ही अनन्यता नव्हे. आपल्या पांडुरंगाने तर शिवाला मस्तकी धरले, असे संत सांगतात. त्रिपुरीच्या आदल्या दिवशी वैकुंठ चतुर्दशीला विष्णूने शिवाची पूजा केली, ही कथाही आपण कीर्तनात ऐकतोच. ज्याच्या देवालाच दुसऱ्यापुढे वाकायची लाज नाही, त्या भक्ताने ती का बाळगावी?

आणि एक गोष्ट पोराला ठाऊक नव्हती ती मी त्याला सांगितली. होई आनपासून जवळच मी सन नावाची जागा आहे. चंपा राज्याच्या राजांनी तिथे शेकडो वर्षे शिवाची देवळे बांधली. भद्रेश्वर हे तिथल्या शिवाचे नाव. विसाव्या शतकातल्या युद्धात त्यांवर बॉम्ब पडले, पुष्कळ पडझड झाली. अलीकडे आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याची माणसे तिथे डागडुजीचे काम करत होती, तेव्हा 2020 साली अखंड दगडाचे एक शिवलिंग मातीतून वर आले. ज्या त्रिपुरारीसाठी आपण माहुलीला दीपमाळ पेटवतो, त्याचे नाव त्या मुलखात किती काळ घेतले जात होते, पाहा! पण माउली, एवढ्यावरून “ते सगळे आपलेच” असे म्हणून मोकळे होऊ नका. आज तिथे दिवा सोडणारी म्हातारी भद्रेश्वरासाठी सोडत नाही, आपल्या गेलेल्या माणसांसाठी सोडते. तिचा दिवा तिचाच राहू द्यावा. नात्याचा आनंद मानावा, मालकी सांगू नये.

आता पहिल्या पक्षाकडे वळू. “भाव असला की झाले” हे वाक्य फार गोड आहे, म्हणूनच ते तपासून घ्यावे लागते. फिरायला गेलेल्याला एका संध्याकाळी बरे वाटले, त्याला भाव म्हणायचे का? भावाची ओळख कशी पटवायची?

सांगलीचे उदाहरण घ्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाईने काय रूप दाखवले ते त्या काठच्या माणसाला सांगायला नको. अर्धे शहर पाण्यात, गावेच्या गावे वेढलेली. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला जीव वाचवायला निघालेल्या माणसांची नाव उलटली. 2021 ला पुन्हा पाणी आले. आणि त्याच वर्षांच्या कार्तिकात, ज्या घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ अजून वाळली नव्हती त्या घरांतल्या बाया कणकेचा दिवा करून त्याच नदीला वाहायला घाटावर आल्या. हा काय भाबडेपणा होता? मला तसे वाटत नाही. आईने मारले तरी लेकरू पदर सोडत नाही, तसे ते होते. त्या दिव्यात भीती होती, तक्रार होती, उपकाराची जाणीव होती आणि मेलेल्यांची आठवण होती. होई आनची नदीही पावसाळ्यात गावात शिरते, घरांतून नावा फिरतात. तिथल्या लोकांचा दिवाही असाच असणार. पाहुण्याला मात्र फक्त उजळलेले पाणी दिसते. ज्याने नदीचा श्रावण पाहिला नाही, त्याला तिचा कार्तिक अर्धाच कळतो. म्हणून पाहुण्याने आपल्या “बरे वाटण्या”ला लगेच भक्ती म्हणू नये. ती भक्तीची भूक असेल, तेवढे म्हणायला हरकत नाही. पण भूक लागली म्हणजे जेवण झाले असे नाही.

मग पाहुण्याने काय करावे, नुसते लांबून पाहावे? एक प्रसंग सांगतो. त्रिपुरीच्या कीर्तनासाठी एकदा मी कृष्णाकाठच्या एका गावी गेलो होतो. घाटावर एका म्हातारीने द्रोण पाण्यात सोडला. शेजारी शहरातला एक तरुण फोटो काढत होता. म्हणाला, “आजी, फोटो नीट आला नाही, परत एकदा सोडा की.” म्हातारी रागावली नाही. म्हणाली, “माझा गेला बाबा, तो मालकांच्या नावाचा होता. हा घे दुसरा, तू सोड. तुझ्या घरचं कुणी गेलं असंल तर त्याचं नाव घे.” तरुण क्षणभर गप्प झाला. मोबाइल खिशात घातला, पायरीवर बसला आणि दिवा दोन्ही हातांनी सोडला. कोणाचे नाव घेतले ते मला कळले नाही. दोघेही बराच वेळ तिथे बसून होते.

त्या रात्री मला उमगले ते असे. पाहुण्याचा दिवा पोहोचतो की नाही हे त्याच्या छातीतल्या लाटेवर ठरत नाही. यजमानाने तो हातात दिला का, आणि पाहुण्याने तो त्याच्या रीतीने घेतला का, यावर ठरते. विचारून केलेला विधी सेवा होतो, हिसकून केलेला तमाशा होतो.

याला दुसरी कसोटी जोडावी लागते, ती दुसऱ्या दिवशी पहाटेची. दिवे रात्री सुंदर दिसतात, पण तेल संपते, वात विझते, मागे द्रोण उरतो. पळसाच्या पानाचा असेल तर कुजून मातीला मिळेल. चकचकीत कागदाचा, थर्मोकोलचा असेल तर काठच्या झुडपांत अडकून राहील. थर्मोकोलवर आपल्या राज्यात 2018 पासून बंदी आहे, तरी घाटावर पहाटे जाऊन पाहा. पाहुणा तोवर आपल्या गावी निघून गेलेला असतो. उचलणारा दुसराच. आता सांगा, आदल्या रात्रीचे पुण्य दिवा सोडणाऱ्याचे, की पहाटे गुडघाभर पाण्यात उतरून तो काढणाऱ्याचे? गाडगेबाबा आधी गाव झाडत आणि मग कीर्तनाला उभे राहत. त्यांनी याचे उत्तर हातातल्या खराट्याने देऊन ठेवले आहे.

इथे आपल्याला आपल्याकडेही वळून पाहिले पाहिजे, माउली. पर्यटकाला नावे ठेवणे सोपे आहे, पण आपण वारकरीही पाहुणेच आहोत. माउलींची पालखी नीरास्नान करून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, ही गावे आपल्यासाठी अंगण सारवतात, भाकरी थापतात, शाळा उघडून देतात. त्यांचे पाणी आपण पितो, त्यांच्या ओसरीवर झोपतो. चांदोबाच्या लिंबाला रिंगण होते, डोळ्यांचे पारणे फिटते, आणि आपण पुढे जातो. मागे काय ठेवून जातो? पत्रावळ्यांचा ढीग, की झाडलेली ओसरी? पर्यटक आणि वारकरी यांच्यात फरक आहे असे आपण मानतो, आणि तो आहेही. पण तो टाळ-मृदंगाने सिद्ध होत नाही. दिंडी पुढे गेल्यावर यजमान बाई उंबऱ्यात उभी राहून “पुढच्या वर्षी लवकर या” म्हणते की सुटकेचा श्वास सोडते, यावर तो ठरतो.

तिसरी गोष्ट मागण्याची. होई आनला दिवा सोडताना इच्छा धरायची रीत आहे. पोराने विचारले, “आजोबा, मागायचं काय? आपण तर निष्काम म्हणतो.” मी म्हणालो, ज्या गावी पाहुणा आहेस त्या गावाचे भले माग. त्याहून निष्काम मागणे कोणते? ज्ञानोबारायांनी शके 1212 मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी करून पसायदान मागितले. त्यात स्वतःसाठी एक अक्षर नाही. दुष्टाची दुष्टबुद्धी जावी, जगातले पाप सरावे, ज्याला जे हवे ते त्याला मिळावे, एवढेच. त्यांनी हा काळोख आपल्या गावापुरता मोजला नाही. मग आपण आपला उजेड आपल्या घाटापुरता का मोजावा?

त्रिपुरासुराची कथा इथे लावून पाहा. सोन्याचे, रुप्याचे आणि लोखंडाचे अशी तीन पुरे होती. ती एका रेषेत आल्यावर शंकराने एकाच बाणात जाळली. प्रवासाला निघालेल्या माणसाचीही तीन पुरे असतात. मी पैसे मोजले म्हणून माझा हक्क, हे सोन्याचे. मी पाहिले म्हणून मला कळले, हे रुप्याचे. आणि माझे गेले की माझा संबंध संपला, हे लोखंडाचे, सर्वांत जड. तिन्ही जाळायला बाण एकच, तो म्हणजे यजमानापुढे नम्र होणे.

तेव्हा सिद्धांत असा. पाहुण्याने दिवा जरूर सोडावा. यजमानाला विचारून, त्याच्या रीतीने, त्याच्या भल्यासाठी सोडावा आणि विझल्यावर त्याचे काय होते तेही पाहावे. असा दिवा कोणत्याही नदीत सोडला तरी माळ विटाळत नाही, नेम मोडत नाही. आणि आपण घाटावरचे यजमान असू तेव्हा मोबाइल घेऊन आलेल्याला हाकलू नये, हसूही नये. एक वात त्याच्या हातात द्यावी, आणि पहाटे उचलायलाही बोलवावे. येत्या त्रिपुरीला घाटावर जाताना तेलाच्या बुधलीबरोबर एक रिकामी गोणी न्या, एवढीच माझी विनंती.

बोला, पुंडलिक वरदे हारि विठ्ठल.